संमोहन : किल्ली कुणाच्या हातात?

गोव्याला जाऊन आलेल्या मंडळींच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. पणजीत, मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी ब्राँझचा एक पुतळा आहे. लांब झग्यातला एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागच्या मागे कलंडते आहे. आमच्या कॉलेजची ट्रिप गेली होती, तेव्हा एका मुलीने मला हळूच विचारलं, “मॅडम, हा तिचा गळा दाबतोय का हो?” हसू नका. बघितल्यावर पहिल्यांदा तसंच वाटतं.

पुतळा आहे आब्बे फारिया यांचा. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि १९४५ साली तो उभा राहिला. संमोहनशास्त्राच्या इतिहासात या गोव्याच्या पाद्र्याचं स्थान फार वरचं आहे. पण आपल्याकडे संमोहन म्हटलं की लोकांना जादूगार आठवतो, डोळे रोखून बघणारा सिनेमातला खलनायक आठवतो किंवा ‘कुणीतरी काहीतरी केलंय’ ही कुजबुज आठवते. फारियांचं नाव क्वचितच कुणाच्या ओठावर येतं.

हा विषय आज काढायचं कारण वेगळंच आहे. खंडवा, बऱ्हाणपूर, रावेर, यावल, इकडे सेंधवा-शिरपूर, या सगळ्या पट्ट्यातली माणसं ‘दाखवायला’ इंदूरलाच येतात. डोळे, हाडं, हृदय, सगळ्यासाठी इंदूर. आता त्यात मनाचीही भर पडली आहे, ही चांगलीच गोष्ट. परंतु रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर आणि हल्ली मोबाईलवरही संमोहनाच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांत नैराश्यापासून नापास होण्यापर्यंत आणि दारूपासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर एकच इलाज सांगितलेला असतो. गेल्या वर्षभरात निदान सात-आठ कुटुंबांनी मला विचारलं असेल, “मॅडम, तुम्ही मानसशास्त्र शिकवता, तर सांगा, तिथे न्यावं का मुलीला?” एका वाक्यात ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ म्हणणंही अन्यायाचं होईल. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कांदोळीचा मुलगा पॅरिसात

फारियांचं पूर्ण नाव जुझे कुस्तोदियु द फारिया. जन्म १७५६ चा, बार्देशातल्या कांदोळीचा. घराणं मूळचं सारस्वत ब्राह्मणाचं, पुढे ख्रिस्ती झालेलं. आईवडिलांचं पटलं नाही; दोघं वेगळे झाले, वडील पाद्री झाले आणि आई मठात जोगीण झाली. १७७१ साली बापलेक लिस्बनला पोचले तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. पुढे रोममध्ये शिक्षण झालं आणि १७८० मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करायला तरुण फारिया उभे राहिले आणि समोरचा दरबारी थाट बघून त्यांची वाचाच बसली. खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीत पुटपुटत सांगितलं, की ही सगळी भाजी आहे रे, काप ती भाजी! आणि मुलाचं प्रवचन धडाधड सुरू झालं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण फारियांना पुढे आयुष्यभर हा प्रश्न पडला असेल तर नवल नाही, की एका वाक्याने माणसाचं अंग असं मोकळं कसं होतं?

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव फसला. त्यात वडिलांवर संशयाची सुई फिरली आणि दुसऱ्या वर्षी फारिया पॅरिसला गेले. तिथे फ्रेंच राज्यक्रांती अनुभवली. पुढे मार्सेय आणि नीम इथे शिकवलं. (म्हणजे आमच्यासारखेच मास्तर!) आणि १८१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी आपले जाहीर प्रयोग आणि व्याख्यानं सुरू केली.

त्या वेळचं पॅरिस कसं होतं, हे समजल्याशिवाय त्यांचं मोठेपण कळत नाही. फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरने त्याआधी तीस-पस्तीस वर्षं तिथे धुमाकूळ घातला होता. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या शरीरात एक चुंबकीय द्रव वाहतो. तो अडला की रोग होतो आणि मेस्मरच्या हातातून तो पुन्हा वाहता करता येतो. लोक थरथरायचे, किंचाळायचे, बेशुद्ध पडायचे आणि काही जण चक्क बरेही व्हायचे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी रोग्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून तपासलं. चुंबकत्व दिलेलं नसताना ‘दिलंय’ असं सांगितलं की माणसं थरथरत, आणि दिलेलं असताना सांगितलं नाही तर काहीच होत नसे. समितीने निष्कर्ष काढला : द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे. आणि फाईल बंद झाली.

माझ्या मते खरा प्रश्न तर इथून सुरू व्हायला हवा होता. कल्पनेने माणूस बरा होत असेल, तर कल्पनेत एवढी ताकद येते कुठून? फारियांनी तो प्रश्न उचलला. ते हातवारे करत नसत की लोहचुंबक फिरवत नसत. समोरच्याला आरामात खुर्चीत बसवायचं, मन एकाग्र करायला सांगायचं आणि मग स्पष्ट आवाजात म्हणायचं, “झोपा!” काहींना त्या अवस्थेत हात जड झाल्यासारखा वाटे, काहींना पाण्याच्या घोटाला दारूची चव येई. आणि फारिया सांगत, की यात माझी काही शक्ती नाही, जे घडतंय ते या माणसाच्या आतून घडतंय. सगळ्यांनाच ही ‘सजग झोप’ येत नाही, काही थोड्यांनाच येते, हेही त्यांनी नोंदवलं. आजचं पाठ्यपुस्तक उघडलं तर पहिल्या प्रकरणात साधारण हेच असतं.

त्यांच्या सगळ्याच कल्पना टिकल्या असं मात्र नाही. झोपलेल्या माणसाला दूरचं किंवा आतलं दिसतं, यावर त्यांचाही विश्वास होता. शिवाय गडी थोडा बढाईखोर असावा. फ्रेंच लेखक शातोब्रियाँने आठवणीत लिहून ठेवलंय, की एका घरी जेवायच्या वेळी फारियांनी एक कॅनरी पक्षी संमोहनाने मारून दाखवण्याची पैज घेतली आणि पक्ष्याला काडीचाही फरक पडला नाही!

शेवट वाईट झाला. एका नटाने झोपल्याचं सोंग केलं, ऐन वेळी डोळे उघडले आणि भर सभेत त्यांची टर उडवली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांच्यावर विडंबननाट्य आलं. लोक हसले आणि पाद्रीबुवांचा वर्ग ओस पडला. जोगिणींच्या एका मठात पाद्री म्हणून राहून त्यांनी आपलं पुस्तक लिहिलं. १८१९ मध्ये ते छापलं गेलं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. माँमार्त्रला त्यांना पुरलं, कबरीवर नावही नाही. पंचवीस वर्षांनी अलेक्झांडर द्यूमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ कादंबरीत तुरुंगातल्या विद्वान पाद्र्याला ‘आब्बे फारिया’ हे नाव दिलं, आणि जगाला तेवढंच नाव माहीत राहिलं. पुढे फ्रान्समधल्या नान्सी शहरात बर्नहाइम या डॉक्टरने सूचनेच्या बळावर उपचार करण्याची पद्धत घडवली, तेव्हा त्याने पहिलेपणाचा मान मोकळेपणाने फारियांना दिला.

शब्दानेच केलेला घोटाळा

इंग्रजी ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला मँचेस्टरचा शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड याने, १८४३ च्या पुस्तकात. हिप्नॉस म्हणजे ग्रीकांचा निद्रादेव. नंतर ब्रेडच्याच लक्षात आलं की ही झोप नव्हे, एकाच विचारावर खिळलेलं लक्ष आहे. त्याने नाव बदलून पाहिलं, पण तोवर शब्द बाजारात गेला होता.

आपल्याकडे तर घोटाळा आणखी जुना आहे. ‘संमोहन’ हा कामदेवाच्या पाच बाणांपैकी एक. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्र सोडतो, कौरव जागच्या जागी निपचित पडतात आणि उत्तर त्यांची वस्त्रं काढून आणतो. गीतेत ‘संमोह’ येतो तो बुद्धिनाशाच्या उतरणीवर. म्हणजे आपल्या कानाला हा शब्द दुसऱ्याने टाकलेल्या अस्त्रासारखाच ऐकू येतो. एखाद्या उपचाराचं नाव ‘नागपाश’ ठेवलं तर रोगी घाबरणार नाही का? तसंच हे झालंय. आणि ज्याला दुकान चालवायचंय, त्याला ही भीती सोयीची असते. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ म्हणणाऱ्याला फी जास्त मिळते.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. बुवाबाजीविरुद्ध लढणाऱ्यांनी हे तंत्र टाकून न देता हातात घेतलं. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत काम केलेले अब्राहम कोवूर भुताटकीच्या तक्रारी तपासताना संमोहनाचा उपयोग करत. महाराष्ट्रात श्याम मानव स्वसंमोहनाची शिबिरं घेत आले आहेत. अंगात येणं, भानामती, या प्रकारांमागे सूचनेचा किती मोठा वाटा असतो हे ज्याला कळलं, त्याला संमोहनाची भीती उरत नाही.

खुर्चीत बसल्यावर नेमकं होतं काय?

चांगल्या प्रशिक्षित माणसाकडे गेलात तर पहिली बैठक बहुधा नुसत्या बोलण्यात जाते. त्रास कधीपासून आहे, कोणती औषधं चालू आहेत, आधी कुठे दाखवलं, घरात कुणाला मानसिक आजार होता का. संमोहन नंतर. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात, अंग पायापासून डोक्यापर्यंत सैल सोडायला सांगतात, मग एखादं ओळखीचं चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगतात. लंबक वगैरे लागत नाही. तुम्हाला बाहेरचा हॉर्न ऐकू येतो, खाज आली तर खाजवता येतं, आणि उठून जावंसं वाटलं तर उठूनही जाता येतं. ‘त्यातच अडकून राहिले तर?’ ही भीती मला फार जणी बोलून दाखवतात. तसं होत नाही. समोरचा माणूस खोलीतून निघून गेला तरी थोड्या वेळाने तुम्ही आपसूक भानावर येता किंवा साधी झोप लागते आणि उठता.

सिनेमाच्या अंधारात आपण रडतो तेव्हा समोर पडदा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी डोळ्यांतून पाणी खरंच येतं. भजनात टाळ वाजवता वाजवता पायाचं दुखणं विसरणारी आजी आपण पाहिलेली असते. ही सगळी त्याच गावची माणसं. फक्त उपचारात ती अवस्था ठरवून आणतात आणि त्या वेळी नेमकी सूचना देतात.

ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते, हे फारियांचं निरीक्षण १९५९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने चक्क मोजपट्टीवर आणलं. साधारण दहातला एखादा माणूस फार खोल जातो, तेवढ्याच लोकांवर जवळपास काही परिणाम होत नाही आणि बाकीचे आपण मधले. ज्याच्यावर परिणाम होत नाही तो हट्टी नसतो आणि ज्याच्यावर होतो तो दुबळ्या मनाचा नसतो.

नुसतं ‘वाटतं’ की खरंच काही होतं, ही शंका तुमच्याही मनात आली असेल. १९९७ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलला संशोधकांनी काही लोकांचा हात सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात ठेवायला लावला आणि संमोहनात सूचना दिली, की हे आता कमी त्रासदायक वाटेल, आता जास्त. पाणी तेवढंच गरम होतं. मेंदूच्या चित्रात दिसलं की त्रास जाणवून देणाऱ्या भागातली हालचाल सूचनेप्रमाणे कमीजास्त झाली. म्हणजे कळ तीच, पण तिचा जाच बदलला.

आपल्याच देशात याचा पुरावा याहून दीडशे वर्षं जुना आहे. १८४५ मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने तुरुंगाच्या रुग्णालयात एका कैद्यावर मेस्मरच्या पद्धतीने गुंगी आणून शस्त्रक्रिया केली. भूल द्यायचं औषध तोवर वैद्यकाच्या हाती आलेलं नव्हतं. पुढे त्याने अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या, कलकत्त्यात त्यासाठी वेगळं रुग्णालयही निघालं. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं. तासन्‌तास बसून गुंगी आणण्यापेक्षा चार थेंब हुंगवणं सोपं आणि भरवशाचं होतं, त्यामुळे एस्डेलचं काम मागे पडलं. मला यात अन्याय दिसत नाही. ज्याला चांगलं औषध आहे, तिथे औषधच वापरावं.

कशाला चालतं, कशाला नाही

सर्वांत भक्कम पुरावा कुठे आहे म्हणाल, तर पोटाच्या एका चिवट तक्रारीत. डॉक्टर तिला आयबीएस म्हणतात. सगळ्या तपासण्या नॉर्मल, पण पोट कधी फुगतं, कधी मुरडतं, कधी एकदम धाव घ्यायला लावतं. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी औषधांनी बरे न झालेल्या ३० रोग्यांवर प्रयोग केला. संमोहन मिळालेल्यांना इतरांपेक्षा स्पष्ट जास्त आराम पडला. त्यानंतर बरंच काम झालं आणि २००८ पासून ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, वर्षभर औषधं घेऊनही गुण नसेल तर संमोहन उपचाराचा विचार करावा, असं म्हटलेलं आहे.

माझ्या एका सहकारी बाईंच्या यजमानांची हीच कथा. बँकेतली नोकरी, नऊ वर्षांचं दुखणं. इंदूर-खंडवा बस म्हणजे त्यांना शिक्षा. कोणत्या ढाब्यावर सोय आहे हे पाठ झालेलं. पोटाच्या डॉक्टरांनीच त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. आठवड्याला एक, अशा बारा बैठका झाल्या. पोटावर हात ठेवून ऊब जाणवू द्यायची आणि वाहती नदी डोळ्यांपुढे आणायची. यांनी निमाडी माणसाला साजेशी नर्मदाच आणली, महेश्वरच्या घाटासमोरची, संथ. घरी रोज रेकॉर्डिंग ऐकून सराव. बरे झाले का? ‘बरे’ म्हणणार नाही, लग्नातलं तिखट खाल्लं की अजून भोगतात. पण आता ते बसने जातात आणि खिडकीशी बसतात.

याखेरीज भाजलेल्या रोग्यांचं ड्रेसिंग, बाळंतपणाच्या कळा, दाताच्या खुर्चीची धास्ती, शस्त्रक्रियेआधीची घालमेल, जुनं दुखणं, या ठिकाणी नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संमोहनाचा उपयोग होताना दिसतो. ‘जोडीला’ हा शब्द महत्त्वाचा. परीक्षेच्या भीतीवर, सभेत बोलण्याच्या भीतीवर स्वसंमोहन शिकवतात, तेही अनेकांना लागू पडतं. सिगारेट सोडवण्याबद्दल मात्र जाहिरातीत जेवढा जोर असतो तेवढा पुरावा नाही. २०१९ मध्ये सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा इतर उपायांपेक्षा ते सरस आहे असं म्हणता आलं नाही.

आणि कुठे मुळीच नाही? ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणतो, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. अशा अवस्थेत संमोहनाने गोंधळ वाढू शकतो. मिरगी, मधुमेह, थायरॉईड, गाठ, यांच्या गोळ्या संमोहनाच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला जाहिरातीतल्या पॅकेजच्या रांगेत बसवायचं नाही. त्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, रात्रंदिवस चालू आणि फुकट.

‘मागे नेणं’

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली ते. डिसेंबर २००९ मध्ये एनडीटीव्ही इमॅजिन वाहिनीवर ‘राज पिछले जनम का’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. नामांकित मंडळी पलंगावर आडवी होत आणि मागचा जन्म ‘बघत’. आपल्या घराघरांत तो पाहिला गेला आणि ‘रिग्रेशन’ हा शब्द आमच्या गल्लीपर्यंत आला. हल्ली अनेक ठिकाणी संमोहन म्हणजे हेच, असा समज आहे. आजच्या दुखण्याचं मूळ लहानपणात किंवा मागच्या जन्मात, आणि ते ‘बाहेर काढलं’ की बरं.

पुनर्जन्म मानावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मी त्यात पडत नाही. पण आठवणीबद्दल मला जे ठाऊक आहे ते सांगते. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली कॅसेट नव्हे. दर वेळी आठवताना ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना बाहेरचे धागेही त्यात विणले जातात. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार घटना वाचायला दिल्या. तीन खऱ्या होत्या, नातेवाइकांकडून घेतलेल्या. चौथी रचलेली : तू पाच वर्षांचा असताना बाजारात हरवला होतास. २४ पैकी सहा जणांना ती न घडलेली गोष्ट थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. इथे संमोहन नव्हतंच, नुसता एक कागद होता. मग डोळे मिटून, अंग सैल करून, ज्याच्यावर विश्वास टाकलाय असा माणूस ‘आणखी मागे जा, कोण दिसतंय?’ असं विचारत असेल तर काय होईल? चित्र दिसेल, आणि ते खरं वाटेल. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायालयं संमोहनात ‘आठवलेली’ साक्ष घेत नाहीत, ते याचसाठी.

आमच्या कॉलेजातली एक मुलगी, बी.ए. दुसऱ्या वर्षाची. गाव आणि नाती थोडी बदलून सांगते. परीक्षेच्या दिवसांत सकाळी तिच्या हातांना झटके येत, चहाचा कप उडे. दोनदा ती शुद्ध हरपून पडली. घरच्यांनी आधी गावातला पडियार केला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून इंदूरच्या एका केंद्रात नेलं. सात बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ. केंद्रवाल्यांनी धक्का लहानपणचा आहे म्हणून ‘मागे’ नेलं. पाचव्या बैठकीत तिला विहीर दिसली आणि काठावर काकू दिसली. काकूने ढकललं, असं ती रडत रडत बोलली. बाहेर बसलेल्या आईला आत बोलावून ते ऐकवण्यात आलं.

त्या घरात दोन भावांचं एकत्र खटलं होतं. आईला बाळंतपणानंतर बरं नव्हतं, तेव्हा मुलीला वाढवलं ते काकूनेच. दोन महिन्यांत चूल वेगळी झाली, पुढे वावराचीही वाटणी झाली. झटके थांबले नव्हतेच. शेवटी मोठ्या रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्टने ईईजी काढला आणि मिरगीचा एक ओळखीचा प्रकार सांगितला. तरुण वयात सुरू होतो, सकाळी हात उडतात, जागरणाने वाढतो. परीक्षेच्या रात्री जागून काढणारी मुलगी! गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. मध्यंतरी ती वर्गानंतर माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, “मॅडम, विहीर खोटी आहे हे मला कळतं. आमच्या वावरात तेव्हा विहीरच नव्हती, बाबांनी कागद दाखवला. पण डोळे मिटले की काकू दिसतेच. तिच्याकडे बघवत नाही मला.”

त्यावर कोणती गोळी नाही.

जायचंच असेल तर

नोव्हेंबर २००३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हिप्नोथेरपीला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता देताना, ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावी, असं म्हटलं आहे. जाहिरातींत पहिला भाग मोठ्या अक्षरांत छापतात आणि दुसरा गाळतात. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही सोनेरी चौकटीत छान दिसतं. डॉक्टर असेल तर मानसोपचारात एम.डी. किंवा तत्सम पदवी आहे का, मानसशास्त्रज्ञ असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे सरळ विचारा. नुसतं एम.ए. मानसशास्त्र पुरत नाही. माझंही शिक्षण तेवढंच आहे, म्हणून मी शिकवते, इलाज करत नाही.

‘संमोहन करून खरं काय ते काढून द्या’ म्हणून मुलीला, सुनेला घेऊन जाणारे पालक असतात. चांगला माणूस तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, कारण ज्याच्यावर उपचार व्हायचे त्याची स्वतःची तयारी लागते, आणि सत्य काढायचं हे यंत्र नव्हे. मुलगी किंवा बाई रोगी असेल तर दार किती लोटलेलं असेल, बाहेर कोण बसेल, हे आधी ठरवून घ्या; त्यात संकोच कसला? जो तुमची चालू औषधं विचारत नाही, जो पहिल्याच दिवशी सगळे पैसे मागतो, जो ‘शंभर टक्के’ म्हणतो आणि जो तुमच्या दुखण्यामागे घरातलाच माणूस शोधून देतो, त्याच्याकडून उठून या. झटके, बेशुद्धी, वजन उतरणं, पोटातून रक्त जाणं असं काही असेल तर आधी डॉक्टर. एम.वाय. रुग्णालय आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे; ‘पागलखाना’ म्हणून नाक मुरडणारी माणसं नंतर त्याच्या वीसपट पैसे बाहेर मोजतात, असं मी पाहिलंय. आणि येताना जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटं, तपासण्यांचे रिपोर्ट एका पिशवीत घालून आणा. तोंडाने सांगितलेल्या नावांत फार घोळ होतात.

परीक्षा तोंडावर आल्या आहेत. पुढच्या वेळी मुलांच्या झोपेविषयी लिहीन; त्याबद्दल काही विचारायचं असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्र टाका.